आनेकेबाईंचा बर्फ आणि माझे मीठ

चहा घ्या. साखर कमी लागेल. ती तशीच घ्यायची असते. तुमचे दोन घोट होईपर्यंत मी मनाची तयारी करते, कारण आज जो पराक्रम सांगणार आहे तो आजवर माझ्या घराबाहेर गेलेला नाही. माझ्या सुनेने तो स्वतःच्या माहेरीही सांगितला नाही. यावरून तो कोणत्या प्रतीचा असेल ते ओळखा.

स्थळ आयर्लंड, गाव लिक्सलिप. माझा मुलगा अभय तिथे संगणकाच्या चिपच्या कारखान्यात आहे. दोन हजार वीसच्या आरंभी मी त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि विमाने बंद पडल्यामुळे पुढच्या वर्षीही तिथेच होते. त्या मधल्या काळात माझी धाकटी बहीण कुमुद सांगलीला वारली. मी ते फोनवर पाहिले. पाहिले असे तरी कसे म्हणू? ज्याने फोन धरला होता त्याचा हात सारखा हलत होता. एवढे सांगते आणि पुढे जाते, कारण हा किस्सा तिचा नाही. मात्र पुढे मी जे केले ते इतक्या हिरिरीने का केले, असे कुणाच्या मनात आले, तर उत्तर तिथे आहे.

शेजारी एक डच जोडपे राहत असे. हेंक आणि आनेकेबाई. दोघे माझ्याच वयाचे. हेंक दूध काढण्याच्या यंत्रांच्या धंद्यासाठी तरुणपणी आयर्लंडला आले आणि तिथलेच झाले. आमच्या दोन परसांच्या मध्ये माझ्या खांद्याएवढे लाकडी कुंपण होते. कुणी कुणाच्या घरी जायचे नाही अशी सरकारी आज्ञा होती, म्हणून आमचे सारे दळणवळण त्या कुंपणावरून चाले.

डच माणसे तोंडावर बोलतात. पहिल्याच भेटीत आनेकेबाईंनी मला विचारले होते, “तुम्ही नेहमीच अशा रागावलेल्या दिसता, की आज काही झालंय?”

“नेहमीच,” मी म्हणाले.

तेव्हापासून आमचे जमले.

आनेकेबाई आजारी होत्या. पोटातले दुखणे यकृतापर्यंत गेले होते आणि इस्पितळाने औषधे थांबवली होती. “थांबवताना डॉक्टर फार गोड बोलला,” त्या म्हणाल्या, “तेव्हाच मला कळलं.” वसंत लागता लागता त्या गेल्या. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही शेवटी काही चमत्कार होईल या आशेवर चहा गार करणार नाही.

तर त्या दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत पूर्वेकडून वारा आला. तिकडे हॉलंडमध्ये कालवे गोठले. आता कालवे गोठले म्हणजे डच माणसाचे काय होते, हे तुम्हाला कल्पनेने कळणार नाही. मलाही कळले नसते. अगदी शहाणीसुरती माणसे काम टाकून निघतात. म्हातारे माळ्यावरून स्केट्स उतरवतात, म्हणजे बुटाखाली बांधायची ती लोखंडी पाती, आणि गावेच्या गावे बर्फावर जातात. तोही बर्फ आपोआप, आभाळाखाली गोठलेला हवा. यंत्राने गोठवलेला त्यांना बारमाही मिळतो; त्याचे त्यांना काही नाही.

“बर्फ तो बर्फ. त्यात फरक तो काय?” असे मी हेंकना विचारले.

“तळं आणि न्हाणीघरातला टब, यात काय फरक?” ते म्हणाले.

आनेकेबाईंच्या बहिणीने फोनवरून त्यांना त्यांच्या माहेरचा कालवा दाखवला. त्याच कालव्यावर त्या लहानपणी शिकल्या होत्या. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची पुढे ढकलत ढकलत शिकायचे, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. फोन झाल्यावर त्यांनी तो उपडा ठेवला. मग नवऱ्याला म्हणाल्या, “मला एकदा पायाखाली हवा. एकदाच.”

आमच्या गावातही कालवा होता. हेंक रोज सकाळी तिथे जात आणि बर्फावर खडा टाकून आवाज ऐकत. जाड बर्फाचा आवाज निराळा येतो म्हणे. पण आयर्लंडची थंडी अर्धवट. हाडात शिरते आणि पाण्यावर मात्र पापडाएवढा बर्फ धरते. दर वेळी खडा बुडाला. मग हेंकनी ठरवले की बर्फ घरीच करायचा. परसातल्या फरसबंदीवर त्यांनी फळ्या उभ्या लावून लांबट चौकट केली, आत पांढरे प्लॅस्टिक अंथरले आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी घालू लागले. एकदम ओतायचे नाही. एक पातळ थर घालायचा, तो धरला की त्यावर दुसरा.

मला ही पद्धत तत्काळ पटली. आंबापोळी अशीच घालतात.

“पण हा तुमच्या हिशेबात आपोआप झालेला धरणार का?” मी विचारले.

“पाणी मी घालतो. गोठवतं आभाळ,” हेंक म्हणाले. “आनेके म्हणाली, चालेल.”

मी रोज कुंपणापाशी उभी राहून देखरेख करू लागले. कुणी नेमले नव्हते. पण काही माणसांना नेमावे लागत नाही. “डावा कोपरा उतरता आहे,” मी पहिल्याच दिवशी सांगितले. हेंकनी पातळी पाहण्याची नळी आणून ठेवली. डावा कोपरा उतरता होता. त्यांनी काही न बोलता फळीखाली पाचर मारली. या घटनेने माझा आत्मविश्वास वाढला, आणि पुढच्या अनर्थाला तोच कारण झाला.

आठवडा सरत आला तेव्हा हेंक झारी घेऊन उभे होते आणि आभाळाकडे पाहत होते.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले. “दुपारी वारा फिरणार. दक्षिणेकडून पाऊस येतोय. उद्या सकाळी नाही, तर नाहीच.”

“बर्फ टिकेल ना तोवर?”

“जेमतेम.”

आतून आनेकेबाईंनी हाक मारली. ते झारी ठेवून गेले.

आता मला सांगा, जेमतेम हा काय शब्द झाला? एक बाई मरायला टेकली आहे, तिने आयुष्यातली शेवटची एक गोष्ट मागितली आहे, आणि ती जेमतेम? मला बसवेना. मी घरात आले, हात पुसले आणि विचार करू लागले. विचार करायला लागले की मला काहीतरी सुचतेच. ते त्या दिवशीही सुचले.

मिरजेला आमच्याकडे आइस्क्रीमचे पॉट होते. लाकडी बादली, तिच्यात कल्हईचा डबा, भोवती बर्फाचे तुकडे आणि बर्फावर जाडे मीठ. वडील मूठमूठ मीठ टाकत आणि म्हणत, मिठाशिवाय गारवा धरत नाही. आणि हे केवळ घरगुती ज्ञान नव्हे. मी जुनी मॅट्रिक आहे. शास्त्राच्या पेपरात हा प्रश्न आला होता आणि माझे उत्तर मला आजही पाठ आहे: ‘मीठ मिसळल्याने बर्फाचे तापमान शून्याच्याही खाली जाते.’ पुढे ‘कारणे द्या’ असा एक भाग होता. तो पर्यायात सोडता येत होता, म्हणून मी सोडला होता.

तरी मी खात्री करून घेतली. उगाच अंगावर काही घ्यायची माझी सवय नाही. माझी नात ईरा तिच्या खोलीत कानाला यंत्रे लावून शाळेच्या तासाला बसली होती. तिला मराठी सगळे कळते. उत्तर मात्र आयरिश हेल काढून इंग्रजीतच येते.

“ईरा, बर्फात मीठ घातलं की तापमान खाली जातं ना?”

“येह, वे डाउन,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “आजी, आय ॲम इन क्लास.”

शास्त्राची दोन पिढ्यांची संमती मिळाली. आणखी काय हवे?

स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटात, ज्याला माझी सून केतकी तिथल्या लोकांसारखे प्रेस म्हणते, भांडी धुण्याच्या यंत्रात घालायच्या मिठाची मोठी पिशवी होती. मी उघडून पाहिली. जाडे, कोरडे, पांढरेशुभ्र. वडिलांच्या पॉटसाठी यायचे ते याच्यापुढे काळे म्हणावे लागेल. केतकी वर कामाच्या बैठकीत होती. तिला विचारावे असे मनातही आले नाही. घरातल्या मिठासाठी कधी कुणी परवानगी मागते का?

संध्याकाळचा उजेड अजून होता. हेंक वर आनेकेबाईंना आंघोळ घालत असणार. न्हाणीघराच्या खिडकीवर वाफ दिसत होती. मी कोट चढवला, मास्क लावला आणि त्यांच्या परसाच्या फाटकातून आत शिरले. शेजाऱ्याच्या परसात जाणे नियमाविरुद्ध होते. नियम मोडण्याची ती माझी पहिलीच वेळ, म्हणून निदान मास्क तरी शेवटपर्यंत काढला नाही, जरी तिथे माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हते.

हेंकची एक जादा फळी पडली होती. ती मी चौकटीवर आडवी टाकली आणि तिच्यावर बसले. आता मीठ टाकायचे. ओंजळीने भिरकावून मोकळी झाले असते तर काम चार मिनिटांचे होते. पण मला गबाळे काम करता येत नाही. शिवाय माझ्या मनात आले, ही बाई उद्या बर्फावर पाऊल ठेवणार. तिचे औक्षण मला करता येणार नाही, हात धरता येणार नाही, धड जवळसुद्धा जाता येणार नाही. मग मीठ टाकायचेच आहे, तर रांगोळीच्या रेघेत का टाकू नये?

मी ठिपके मांडले. मधोमध मोठे कमळ घेतले, भोवती वेल. फळी पुढे सरकवायची, बसायचे, वाकायचे, चिमूट सोडायची. गुडघे बोलत होते. मी ऐकले नाही. स्वस्तिक काढायला हात गेला होता, पण डच माणसाच्या दारात ते काढू नये हे मला ठाऊक होते, म्हणून आवरला. सांगायचे तात्पर्य, मी किती बाजूंनी विचार केला होता ते पाहा.

तीन कोपऱ्यांत तीन लहान कमळे झाली तोवर पिशवी तळाला आली. घराच्या भिंतीलगतची लांब पट्टी रिकामीच राहिली. तिथे वेल घ्यायची होती, पण मीठ पुरेना. थंडीने बोटे वाकत नव्हती. कुणीही उठून घरी गेले असते. पण चौथा कोपरा तसाच सोडायचा? मी पिशवी उलटी करून झटकली, त्या पट्टीच्या टोकाच्या कोपऱ्यात चौथे कमळ पुरे केले आणि मगच उठले.

सकाळी मी बाहेर जाण्याची पैठणी नेसले. वर कोट, मास्क. कुंपणापाशी जाऊन पाहिले आणि प्रथम, देवाशपथ सांगते, मला फार आनंद झाला. रांगोळी एक रेघही विस्कटली नव्हती. उलट ती बर्फात खोल उतरली होती. प्रत्येक पाकळी कोरून काढल्यासारखी, तळाच्या प्लॅस्टिकपर्यंत. इतकी स्वच्छ रांगोळी मला रांगोळीनेही कधी साधली नव्हती.

मग मला पाकळ्यांत पाणी दिसले.

चौकटीशेजारी हेंक उभे होते. हातात आनेकेबाईंचे जुने स्केट्स होते, लाकडी तळाचे, चामड्याच्या पट्ट्यांचे.

“कुणीतरी मीठ टाकलंय,” ते म्हणाले.

“मी टाकलं,” मी म्हणाले. “गार राहावा म्हणून. तापमान खाली जातं.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “जातं,” ते म्हणाले. “बर्फ वितळतो, म्हणून जातं.”

मी पाकळ्यांतल्या पाण्याकडे पाहिले.

“थंडीत इथल्या रस्त्यांवर ती पिवळी गाडी फिरते. ती काय टाकते, असं वाटलं तुम्हाला?”

“वाळू.”

“मीठ.”

आणि त्या क्षणी मला वडिलांची बादली पूर्ण आठवली. आइस्क्रीम झाल्यावर बादलीत बर्फ कधीच नसे. खारे पाणी असे. ते मोरीत नेऊन ओतायचे काम माझ्याकडेच होते. इतकी वर्षे मी ते ओतले, आणि ते कुठून आले असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

“हे तुम्ही फार मूर्खपणाचं केलंत,” हेंक म्हणाले. आवाज चढवून नव्हे. डावा कोपरा उतरता आहे, असे मी म्हणाले होते, तितक्याच शांतपणे.

“हो,” मी म्हणाले.

पुढे मी जे केले ते घाबरलेल्या माणसाचे करणे होते. मी घरात धावले, फ्रीझरमधले बर्फाचे सगळे साचे काढले, आणखी काही गोठलेले दिसले तेही उचलले आणि कुंपणावरून हेंकच्या पुढे धरले. खाचा भरता येतील, असे मला वाटत होते. त्यांनी एकेक वस्तू घेतली, पाहिली.

“मटार नकोत,” ते म्हणाले आणि ती पिशवी मला परत केली.

इतक्यात खिडकीतून ईरा ओरडली, “आजी, यू सॉल्टेड इट?” मागे केतकीचा चेहरा होता. तिने ईराला आत ओढले आणि खिडकी लावून घेतली. सुनेने माझ्यावर केलेल्या उपकारांत तो सर्वांत मोठा.

मग आनेकेबाई आल्या. हेंकनी चाकांच्या खुर्चीतून त्यांना बाहेर आणले. लोकरीची टोपी, दोन शाली, आणि त्यात उरलेली एवढीशी बाई. त्यांनी बर्फाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मी कुंपणाच्या अलीकडे मटारची पिशवी छातीशी धरून उभी होते.

“हे तुमचं?” त्यांनी मला विचारले.

“माझं.”

“हातानं काढलंत?”

“हो.”

“सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. मग हेंककडे वळल्या. “भिंतीकडची पट्टी शाबूत आहे. बांध.”

“आनेके, पाय अडकेल.”

“बांध म्हटलं ना. दुपारी पाऊस आहे. की उन्हाळ्यापर्यंत थांबू?”

हेंक गुडघ्यावर बसले. बुटांवर पट्ट्या आवळल्या. आतून स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली आणि पट्टीच्या सुरुवातीला, तिथले कोपऱ्यातले कमळ सोडून, बर्फावर ठेवली. आनेकेबाई उठल्या. त्यांना न्हाणीघरापर्यंत जायलाही नवऱ्याचा खांदा लागत असे, हे मला ठाऊक होते. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, उजवा पाय तिरपा टेकला आणि रेटला.

पाते बर्फावर कर्रर्र वाजले. खुर्ची पुढे गेली. मग डावा पाय. पुन्हा तो आवाज. मला स्केटिंगमधले काही कळत नाही. पण ती बाई चालत नव्हती, एवढे मला कुंपणापलीकडूनही कळले. तिचे शरीर तिला नको ते सारे विसरले होते आणि एकच गोष्ट त्याला आठवत होती. खांदे खाली आले होते. हेंक मागून हात पसरून येत होते, न धरता. शाल गळून पडली. ती कुणी उचलली नाही.

अर्धी पट्टी झाली. निम्म्याहून अधिक झाली. कोपरा जवळ आला. मी मनातल्या मनात त्या चौथ्या कमळाला मागे सरकायला सांगत होते.

खुर्चीचा पुढचा पाय पाकळीत गेला आणि रुतला. आनेकेबाईंनी एकदा रेटून पाहिले. दुसऱ्यांदा रेटायला त्यांच्यात काही उरले नव्हते. हेंकनी त्यांना मागून धरले आणि त्याच खुर्चीवर बसवले. त्या धापा टाकत होत्या. पुढे पट्टीचा एक तुकडा तेवढा राहिला होता, कुंपणाला लागून, माझ्यापासून हातभर.

“पुरे झालं?” हेंकनी विचारले.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण झालं.”

वारा फिरला होता. दक्षिणेची ऊब गालाला लागत होती. त्यांनी पायाशी कोरलेले कमळ निरखले, रिकाम्या पट्टीवरून मागे नजर नेली आणि पुन्हा कमळावर आणली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले.

“इथे मीठ संपलं होतं ना तुमचं?”

“संपत आलं होतं.”

“तरी हा कोपरा भरलात.”

“रिकामा बरा दिसला नसता,” मी म्हणाले.

आनेकेबाईंनी मान हलवली. मी सांगितलेच, ती माणसे तोंडावर बोलतात.

“तुम्ही थोड्याशा आळशी असतात,” त्या म्हणाल्या, “तर मी टोकापर्यंत गेले असते.”

लोकांनी मला जन्मभर पुष्कळ नावे ठेवली आहेत आणि त्यांतील बहुतेक मला मान्य आहेत. पण मी आळशी नाही अशी तक्रार करणारी ती एकटीच. माझ्या हातात अजून ती मटारची पिशवी होती. ती मी दुसऱ्या हातात घेतली.